तांबड्या रेघेवरचा राजा

आमच्या घरात लॅपटॉप आहे ही गोष्ट मी धारगळात कोणाला कळू दिली नव्हती. लॅपटॉप कंपनीचा. तुयेच्या औद्योगिक वसाहतीत मी गोदाम सांभाळतो, आणि गोदामाचा माल संध्याकाळी घरी आणता येत नसला तरी त्याची यादी आणता येते, म्हणून कंपनीने तो दिलेला. मी तो कपाटात सुविधाच्या साड्यांखाली ठेवत असे. गावात ज्याच्याकडे शिडी असते त्याला स्वतःच्या माडावर चढायला ती कधी मिळत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

बातमी फोडली ती सुविधानेच. देवळात फुलांचे हार ओवताना कोणीतरी म्हणाले, यंदा जत्रेच्या नाटकाचे हँडबिल कोण करणार, आणि आमची ही म्हणाली, "आमचे करतील की, त्यांना मराठी टायपिंग येतं." बायको चारचौघांत आपले कौतुक करते तेव्हा त्याचे बिल आपल्या नावावर फाटते, हे लग्नानंतर इतक्या वर्षांनी तरी मला कळायला हवे होते.

संध्याकाळी धाकूबाब आमच्या बलकांवावर, म्हणजे पुढच्या ओट्यावर, हजर. धाकूबाब हे आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, दिग्दर्शक आणि पडदा ओढणारे. पडदा ते दुसऱ्या कोणाच्या हातात देत नाहीत. अध्यक्षपद एखादे वेळी देतील.

"प्रशांत, हँडबिल तुझ्याकडे," ते म्हणाले. "नावां तेवढी नीट घाल. नाटक कसाय होवंदे, माणसां नावाक जपतत."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे, की आमच्याकडे जत्रेला नाटक गावकरीच करतात. शेतकरी, मास्तर, बँकवाले, सगळे तोंडाला रंग लावतात. फक्त नटी बाहेरून येते. तिने तेच नाटक त्या मोसमात बऱ्याच गावांत केलेले असल्यामुळे रंगमंचावर नाटक पाठ असलेली ती एकटीच असते. आणि राजा आमचा ठरलेला. बाबलीकाका. मला मिसरूड फुटायच्या आधीपासून राजा म्हणजे बाबलीकाका. नाटक निवडताना कथानक कोणी विचारत नाही, राजा आहे का एवढेच विचारतात. एके वर्षी मंडळाने हौसेने सामाजिक नाटक घेतले, तेव्हा त्यातल्या कारखानदाराला स्वप्न पडते असा प्रवेश वाढवून धाकूबाबना बाबलीकाकांच्या डोक्यावर मुकुट ठेवावा लागला होता. काका पूर्वी बसचे ड्रायव्हर होते. थांबा आला की ते गाडी थांबवत नसत, तिला थांबण्याची आज्ञा देत.

पण अलीकडे त्यांचे शब्द अडू लागले होते. गेल्या जत्रेला त्यांनी शत्रूच्या सेनापतीला दरबारात बोलावले, त्याच्याकडे जळजळीत नजरेने पाहिले आणि पुढचे सगळे विसरले. सेनापती अपमानाची वाट पाहत इतका वेळ उभा राहिला, की शेवटी बिचाऱ्याने आपणहून तलवार उपसली.

असो. मी हँडबिल टाइप करायला बसलो.

आता आमची नावे कशी असतात पाहा. श्री. धाकू वि. परब-गांवकर. श्री. बाबली ना. परब-गांवकर. प्रत्येकाच्या नावात टिंब आणि बहुतेकांच्या आडनावात जोडरेघ. त्या जोडरेघेत एक घर, एक पाट आणि देवळातला एखादा मान दडलेला असतो. ती कोणी आपणहून सोडत नाही. लॅपटॉपातल्या शब्द तपासणाऱ्या यंत्राला मात्र यातले काही ठाऊक नव्हते. टिंब दिसले की त्याला वाटे वाक्य संपले. मग पुढचा 'वि' हा एकटाच इथे काय करतो म्हणून त्याच्याखाली तांबडी नागमोडी रेघ. जोडरेघ दिसली की ते आडनावाचे मधोमध दोन तुकडे करी आणि एकेकाची वेगळी झडती घेई. 'परब' पास, 'गांवकर' नापास. म्हणजे माणूस कमरेपर्यंत शुद्ध आणि खाली अशुद्ध. 'बाबली' आणि 'धाकू' ही नावे तर त्याच्या बापजन्मी कानावर आलेली नव्हती.

मला त्याचे काही वाटले नाही. गोदामाच्या याद्यांत नट-बोल्ट, पाऊण-इंची, असलीच भरताड असते. त्या रेघांची मला डासांइतकी सवय आहे. मी लॅपटॉपच्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला, मंडळाच्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिले, 'नावे तपासून घ्यावीत', आणि शांतपणे जेवायला बसलो. भात कालवायच्या आत फोन सुरू झाले.

इथे आमच्या तालमीची एक रीत सांगितली पाहिजे, जी मला ठाऊक होती आणि नेमकी त्या वेळी आठवली नाही. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे लगतच्या धर्मशाळेत, तालीम चालते. तिथल्या फळ्यावर सगळ्या पात्रांची नावे लिहिलेली असतात. ज्याची नक्कल पाठ होत नाही, किंवा जो तालमीला तोंड दाखवत नाही, त्याच्या नावाखाली धाकूबाब एके दिवशी तांबड्या खडूने रेघ मारतात. बोलत काही नाहीत. रेघ पडली की त्या माणसाने समजायचे, आपली भूमिका दुसऱ्याच्या हातात गेली. आजवर फळ्यावरची ती रेघ पुसली गेल्याचे कोणी पाहिलेले नाही.

आणि मी भर ग्रुपवर अख्ख्या मंडळाच्या नावाखाली तांबड्या रेघा मारून पाठवल्या होत्या.

अख्ख्या म्हणजे एक वगळून. युवराजाची भूमिका करणारा साईश हा संपर्कासाठी नेमलेला, म्हणून त्याचा मोबाइल नंबर मी त्याच्या नावाला चिकटवूनच टाकला होता. ज्या शब्दात आकडा असेल त्याच्या वाटेला ते यंत्र जातच नाही, असे मागाहून कळले. सरकारी माणसासारखेच. नंबर दिसला की खातरी पटते. त्यामुळे एवढ्या पत्रिकेत साईशचे नाव तेवढे धुतल्या तांदळासारखे.

गावाने हिशेब केला आणि उत्तर काढले: मंडळ बरखास्त, यंदाचा राजा साईश.

सेनापतीचा फोन आला, की तलवार त्याच्या स्वतःच्या घरची आहे आणि ती तो परत नेतो. ऋषींनी दाढी ठेवून घेण्याची धमकी दिली. विदूषक रडला. आणि खुद्द धाकूबाब, ज्यांनी जन्मभर इतरांना रेघा मारल्या, ते स्वतःच्या नावाखाली तीन रेघा मोजून फोनवर आले. मग म्हणाले, "प्रशांत, तुका अध्यक्ष होवचा होता तर तोंडान सांगूचा होता."

शेजारच्या कमलवयनी तेवढ्या आनंदात होत्या. साईश त्यांचा मुलगा. म्हापशाला बँकेत आहे, आणि गेल्या वर्षापासून कारण न सांगता त्याने राजासारखी दाढी राखली आहे. वयनी कुंपणावरून म्हणाल्या, की यंत्राला काय स्वार्थ, ते बघून-सवरूनच रेघ मारत असणार. मी समजावले. तेव्हा त्यांनी सल्ला दिला, की नावे त्या यंत्राच्या शब्दकोशात घालून टाका, साईश बँकेत तसेच करतो.

मी घातली. 'परब-गांवकर' असे आडनाव जोडरेघेसकट शब्दकोशात घातले. यंत्राने ते आदराने ठेवून घेतले आणि रेघ तशीच ठेवली. कारण शब्दकोशात पाहायच्या आधीच ते आडनाव तोडत होते, आणि मग तुकडा घेऊन शोधत होते. अख्खा परब-गांवकर आत बसलेला, आणि हे दारात उभे राहून अर्ध्याची चौकशी करते आहे. टिंबांचेही तेच. मी एका संध्याकाळी सगळी गावकी पूर्ण नावानिशी शब्दकोशात घातली आणि एकही रेघ हलली नाही.

तेव्हा माझ्यातला गोदामवाला जागा झाला. जे अडते ते काढून टाकायचे. मी सगळी टिंबे आणि जोडरेघा उडवल्या, गांवकरांवरचे अनुस्वारही यंत्राच्या मर्जीप्रमाणे पुसले, आणि बाबली, धाकू वगैरे मंडळी एकेक सुटी शब्दकोशात घातली. या वेळी यंत्राने मान डोलावली. पडदा स्वच्छ. हा फोटो मी ग्रुपवर अभिमानाने टाकला आणि एक प्रत लाऊडस्पीकरच्या परवान्याच्या अर्जाला जोडून कचेरीत दिली.

कचेरीतल्या बाईंनी अर्ज पाहिला, हँडबिल पाहिले, माझ्याकडे पाहिले. अर्जावर अध्यक्ष परब-गांवकर, हँडबिलावर अध्यक्ष धाकू वि परब गावकर. त्यांनी विचारले, हे दोघे एकमेकांचे कोण. मी म्हटले, एकच आहेत. त्या म्हणाल्या, मग एकदाच लिहा. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. मी गोदामात याहून कमी फरकावर ट्रक परत पाठवले आहेत.

इकडे ग्रुपवर दुसरी लाट. पहिल्या दिवशी भूमिका गेल्या होत्या, दुसऱ्या दिवशी घराणी गेली. धाकूबाबनी विचारले, की माझ्या बापाचे नाव असे टिंबावाचून उघडे का ठेवले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मी रजा टाकली आणि साखळी गावाची बस पकडली. आमची हँडबिले साखळीच्या एका छापखान्यात छापतात. मालक धाकूबाबच्या नात्यातले. मी त्यांच्यापुढे लॅपटॉप उघडला, टिंबे-जोडरेघा परत घातल्या, आणि सगळी कर्मकथा सांगून विचारले, की छापताना या रेघांचे काय करायचे. त्यांनी चहाचा घोट घेतला.

"ती रेघ छापून येतच नाही," ते म्हणाले. "फक्त बघणाऱ्याला दिसते."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शिकलेल्या माणसाला असा प्रवास अधूनमधून घडावा, म्हणजे तो जमिनीवर राहतो, असे मला सुचले. पण पटले नाही.

मी धाकूबाबना सगळे समजावले आणि त्यांनी त्याच संध्याकाळी फोन फिरवले. सेनापती तलवारीसकट परतला. ऋषींची दाढी परत आली. विदूषक हसला. मी निर्धास्त झोपलो.

आमच्या दाराच्या कडीला रोज पिशवी अडकवलेली असते. पोदेर पहाटे सायकलवरून भोंगा वाजवत येतो आणि पिशवीत पाव टाकून जातो. त्या सकाळी सुविधाने पिशवीत हात घातला आणि तो तसाच ठेवून मला हाक मारली.

"ऐकलंत? पावाला मणी लागलेत."

पिशवीत मुकुट होता. पोदेराच्या आधी कोणीतरी तो त्यात ठेवून गेले होते, आणि पोदेराने आपले काम चोख करून मुकुटाच्या आत पाव ठेवले होते.

मुकुट बाबलीकाकांच्याच घरी असतो. त्यांची बायको गंगाकाकी दरसाल त्याचे मणी शिवते. माझ्या लक्षात आले, की एवढा गदारोळ झाला, सगळ्यांनी मला शिव्या घातल्या, त्यात काकांचा फोन आलाच नव्हता. पाव काढून मी ती पिशवी घेऊन त्यांच्याकडे गेलो.

काका अंगणात माडाच्या आळ्याला पाणी घालत होते. गंगाकाकी दारातूनच म्हणाली, "कालपासून जेवूक नाय. विचारलंय तर म्हणता, राजा उपाशी आसा."

मी खाली बसलो आणि यंत्राची सगळी कुंडली मांडली. टिंब, जोडरेघ, साईशच्या नावाला चिकटलेला नंबर, छापखान्यातला चहा. काकांनी मधे एकदाही तोडले नाही. मग झारी खाली ठेवली.

"तुजा यंत्र चुकला. मान्य," ते म्हणाले. "रातीं धाकून सगळ्यांक फोन केल्यान. सेनापतीक केल्यान, विदूषकाक केल्यान. माका केल्यान नाय. तू आज इलंस, तो मुकुट गावलो म्हणान."

काकांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिले.

"रेघ यंत्रान मारल्यान रे. पण माझ्या नावाखालची पुसूची, असा कोणाच्याच मनात इला नाय."

खरी गोष्ट अशी, की तांबडी रेघ बघून प्रत्येकजण स्वतःसाठी भांडला होता, आणि बाबलीकाकांच्या नावाखाली ती प्रत्येकाला थोडी सोयीची वाटली होती. गेली दोनेक वर्षे जे कोणाला तोंडावर सांगवत नव्हते ते परस्पर सांगून झाले होते. कोणीही सांगितले नव्हते.

"नक्कल पाठ आसा माका," काका पुढे म्हणाले. "ह्या माडांका म्हणान दाखवतंय, एक अक्षर चुकना नाय. थंय उजेडात उभो रवलंय की शब्द मागे रवतत. तुमी मुकुट साईशाक देवा. बरो पोरगो आसा."

मी पिशवी परत नेली नाही. ती त्यांच्या ओसरीवर ठेवून निघालो, आणि गंगाकाकीने ती आत नेली.

त्या संध्याकाळी अग्रशाळेत मी सगळ्यांसमोर काकांचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. धाकूबाब फळ्याकडे बघत बसले. सेनापतीने पंख्याचा वेग कमी-जास्त केला. प्रत्येकाला काकांविषयी भरून येत होते, आणि तिसऱ्या अंकातले राजाचे लांबलचक भाषणही आठवत होते. नाटक पडले तर शेजारच्या गावातले लोक पुढच्या जत्रेपर्यंत बोलतील. आणि काका नसतील तर ते नाटक कोणाचे, हेही कोणाला सांगता येईना.

बोलला तो साईश. दाढीवरून हात फिरवत, जमिनीकडे बघत.

"राजा बाबलीकाकाच. मी युवराज, मी बाजूकच उभो आसतंय. अडले तर माका विचारूंदे. राजान युवराजाक विचारला तर त्यात काय वायट? त्यांची नक्कल माका पाठ आसा."

ती का पाठ होती हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कोणी विचारले नाही. कमलवयनींनी मुलाशी एक दिवस अबोला धरला. मग स्वतःच काकांकडे जाऊन गंगाकाकीला मणी शिवू लागल्या.

धाकूबाब काकांकडे गेले. फोन केला नाही, चालत गेले. आत काय बोलणे झाले ते दोघांनीही कधी सांगितले नाही, पण दुसऱ्या दिवशी तालमीला राजा वेळेवर आला. मला शिक्षा म्हणून विंगेत प्रॉम्प्टिंगला बसवले.

जत्रेच्या रात्री पालखी देवळात परतली, नांदी झाली, नाटक सुरू झाले. काकांनी पहिला प्रवेश झोकात मारला. दुसऱ्यात, भर दरबारात, शब्द अडला. मी विंगेतून ओरडून सांगत होतो. काकांना ऐकू आले नाही, पहिल्या चार रांगांना आले. काकांनी सावकाश मान वळवली आणि असा हात केला, जसा ते पूर्वी मागून येणाऱ्या ट्रकला करत.

"युवराज, आमच्या मनात काय आहे ते दरबाराला सांगा."

साईशने सांगितले. अक्षर न अक्षर. लोकांना वाटले, काय रुबाब आहे, राजा स्वतः बोलतसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. झाले. राजाला त्याची चटक लागली. येत असलेली वाक्येही ते युवराजाकडून वदवून घेऊ लागले आणि स्वतः मिशीला पीळ देत बसले. मी प्रत मिटून ठेवली.

अडचण आली ती राणीच्या महालात. तिथे युवराज नसतो. नटी सिद्धी आदल्याच दिवशी आलेली, तिला आमची व्यवस्था कोणी सांगितली नव्हती. काका अडले. मग तिच्याकडे वळले.

"राणीसाहेब," ते म्हणाले, "आमच्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे."

तिने एवढ्या गावांत असा राजा पाहिला नसावा. पण ती मुरलेली. "ठाऊक आहे, महाराज," ती म्हणाली, "पण एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या."

मी घाईघाईने प्रत उघडली, पान सापडेना.

"तोंडाने सांगता आले असते," काका म्हणाले, "तर मनात कशाला ठेवले असते?"

हे नाटकात नव्हते. मंडप हसला, मग टाळ्या वाजवत राहिला. पुढच्या रांगेत गंगाकाकीने पदर तोंडाला लावला.

शेवटचा प्रवेश राज्यत्यागाचा. म्हातारा राजा युवराजाच्या डोक्यावर मुकुट ठेवतो, वनात निघून जातो, पडदा. साईश गुडघे टेकून, मान खाली घालून बसला. काकांनी मुकुट काढला. दोन्ही हातांत धरला. मंडपात बोलणे थांबले. साईशची मान खालीच. आता राजाने एकच वाक्य म्हणायचे होते. मी ते विंगेतून म्हटले. पुन्हा म्हटले. काकांनी मुकुट थोडा फिरवून पाहिला, कुठला मणी निसटला आहे का ते बघावे तसा, आणि स्वतःच्या डोक्यावर परत ठेवला.

"उठा, युवराज," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पलीकडच्या विंगेत धाकूबाब दोरी हातात धरून थिजले होते. पडदा सोडायचा तो मुकुट युवराजाच्या डोक्यावर बसल्यावर, आणि मुकुट तर तिथे बसला नव्हता. साईशने मान वर केली. तो हसत होता. त्याने उठून राजाला वाकून नमस्कार केला.

काका सिंहासनावर जाऊन बसले, वस्त्र नीट केले, आणि विंगेकडे न बघता, पण सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असे म्हणाले,

"धाकू, सोड पडदो. राजा जाग्यार आसा."